खंडेनवमीचं हँडल

"ताई, ही शिंगं कुणाची? आणि म्हस कुठाय?"

मिरजेहून इचलकरंजीला निघालेल्या एसटीत कंडक्टरनं मोठ्यांदा विचारलं आणि अख्खी गाडी माझ्याकडे वळून बघायला लागली. माझ्या मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं सायकलचं हँडल होतं. अभ्रा एक आणि मुठी दोन. एक झाकावी तर दुसरी बाहेर डोकवायची.

"सायकलचं हँडल आहे," मी म्हणाले.

"मग बाकीची सायकल?"

"ती इचलकरंजीला."

"म्हणजे हँडल माहेरचं आणि सायकल सासरची. आता जुळलं म्हणजे झालं," असं म्हणून त्यानं टिकटिक करत पंच वाजवला आणि पुढे गेला. लग्नाला वर्ष व्हायचं होतं अजून. मी खिडकीबाहेर बघत बसले, पण हसू काही आवरेना.

हँडल माझ्या कॉलेजच्या सायकलचं होतं. उंच, दोन्ही बाजूंनी मागे वळलेलं. बसलं की पाठ ताठ राहायची आणि हात आपोआप मुठींवर यायचे. घरी मिरजेला वडिलांनी ते काढताना विचारलंसुद्धा, "शैला, सासरी काय कमी पडलं म्हणून हँडल नेतेस?" मी त्यांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "सासऱ्याच्या सायकलला हात लावणार? देव तुझं भलं करो."

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. एका सुताच्या पेढीवर ते दिवाणजी होते. तरुणपणी जत्रेतल्या सायकल शर्यतींत पळायचे आणि एकदा नरसोबाच्या वाडीच्या रस्त्यावर त्यांचा दुसरा नंबर आला होता. पहिला कुणाचा आला होता हे ते कधी सांगत नसत. त्या वेळी सायकलला लावलेलं खाली वळलेलं शर्यतीचं हँडल त्यांनी पुढे कधी काढलंच नाही. साठीला आलेला माणूस, डोक्यावर गांधी टोपी, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, आणि सायकलवर असा वाकलेला की जणू मागून कोणी गाठणार आहे. पेढीवर जाताना असं आणि येतानाही असंच.

पण त्या पावसाळ्यात मान धरली. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एकदा चहाचा कप हातातून सुटला आणि आबा नुसते त्या कपाच्या तुकड्यांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मान तपासून सांगितलं, "वाकणं बंद करा." आमच्या ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, सायकल बंद."

ह्यांचाही नाइलाज होता. वडिलांची काळजी होती, आणि बुक करून ठेवलेल्या स्कूटरचा नंबरही नेमका तेव्हाच लागला होता. जेवताना ह्यांनी निकाल दिला.

"दसऱ्याला स्कूटर घरात येईल आबा. मी रोज पेढीवर सोडीन, रोज आणीन. सायकलीसाठी भूपाल मगदूम मागं लागलाय. सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये असतो तो, शर्यतीत पळतो. दसऱ्याला येऊन घेऊन जाईल."

आबा कधी भांडले नाहीत असा दिवस नसायचा. भाजीत मीठ कमी, रेडिओ मोठा, पेपर उशिरा, काही तरी असायचंच. त्या दिवशी ते "बरं" म्हणाले आणि ताटावरून उठले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ते "बरं" आम्हा दोघींनाही काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं होतं, "आबा, हँडल बदललं तर? उंच लावलं की वाकावं लागणार नाही."

"उंच हँडल? त्यापरास मला म्हशीवर बसवा आन् गावातनं काढा वरात!"

सासूबाई मागून मला म्हणाल्या, "इचारलंस तिथंच चुकलीस. त्यास्नी इचारून ह्या घरात काय सुदिक झालं न्हाई. आमचं लगीनबी न्हाई."

म्हणून मी मिरजेला जाऊन हँडल आणलं. दोघींचं ठरलं की आबांना बसवूनच दाखवायचं, बोलायचं नाही. सायकल राहिली तर आबा राहतील, एवढं आम्हाला पक्कं कळलं होतं. रोज कुणाच्या तरी पाठीमागे बसून पेढीवर जाणारे आबा डोळ्यांसमोर येतच नव्हते.

दिवस मी निवडला खंडेनवमीचा. आता इथं माझं माहेर आडवं आलं. आमच्या घरात सगळे शाळामास्तर. नवमीला आम्ही पाटावर पुस्तकं मांडायचो, पेन ठेवायचो, आणि त्या दिवशी अभ्यासाला सुटी. एवढीच आमची खंडेनवमी. त्यामुळे माझा हिशेब सरळ होता. गावातले माग बंद, सगळ्यांना सुटी, आबांना पेढीचे मालक तराजूच्या पूजेला जीपनं घेऊन जाणार, म्हणजे सायकल घरात आणि आबा बाहेर. असा मुहूर्त पुन्हा कुठला?

आबा जीपमध्ये बसले तशी मी समोरच्या बापूलालचाचांच्या गॅरेजात धावले. बापूलाल मुल्ला म्हणजे सायकलींपासून ट्रकपर्यंत सगळ्यांचे मिस्त्री. गॅरेज धुऊन काढलं होतं, दाराला आंब्याचं तोरण होतं.

"चाचा, पाना आणि हातोडी द्या. आबांच्या सायकलीचं हँडल काढायचंय."

"आबांनी सांगितलंय?"

"नाही."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पाना आणि हातोडी काढून दिली, वर ब्रेकच्या दोन लांब ताराही दिल्या. "जुन्या तारा आखूड पडतील. पण पूजेच्या आत पाना परत पायजे हं, वैनी."

"आणते की."

हँडलनं मात्र मला दमवलं. आबांच्या तरुणपणापासून जागेवर बसलेलं ते! बोल्ट ढिला व्हायलाच वेळ गेला. रॉकेल सोडलं, हातोडीचे ठोके घातले. सासूबाईंनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि मी हँडल ओढलं. ते एकदम सुटलं आणि मी तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दोघी तोंडाला पदर लावून हसत होतो. माझं हँडल जागेवर घातलं, आणि आवळणार इतक्यात चाचांचा भाचा फाटकातून ओरडला, "मामू पाना मागत्यात! पूजा मांडली!"

मी पाना देऊन टाकला. आरती होईल, नारळ फुटेल, पाच मिनिटांत परत आणू, असा माझा विचार.

थोड्या वेळानं गेले तर गॅरेजात पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पक्कडी, जॅक, हवेचा पंप. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, सगळ्यांवर झेंडूचं फूल. माझा पाना अगदी मधोमध, मानानं बसलेला.

"झाली ना पूजा? द्या आता."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "वैनी, पूजेतला पाना आता कसा निघंल? उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मग."

"उद्या?"

"आज हत्याराला इसावा असतोय. आमच्या वाडवडलांपासनं हायेच की. तुमच्या मिरजेत न्हाई व्हय?"

मिरजेतही असणारच, पण आमच्या घरात पुस्तकांना पान्याची गरज कधी पडली नव्हती. मी शेजारच्या मागवाल्याकडे गेले. त्याच्या पेटीसकट पूजा झालेली. नळवाल्याकडे गेले. त्याची बायको म्हणाली, "अगं बाई, आज पाना मागतीस?" असं म्हणाली की जणू मी तिच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मागितला होता. आबांचा स्वतःचा पाना कपाटात होता आणि कपाटाची किल्ली आबांच्या करदोट्याला. हरून घरी आले तर स्वयंपाकघरात सासूबाईंनी विळी, अडकित्ता आणि खलबत्त्याला फूल वाहिलं होतं. भाजी म्हणे कालच चिरून ठेवली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एक मी सोडून.

"आई, मला आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं पाच मिन्टाचं काम! तू शिकलेली, भराभरा करशील."

अंगणात सायकल उभी होती. हँडल फिरवलं की हँडल फिरायचं आणि चाक तसंच राहायचं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. ब्रेकच्या तारा लोंबत होत्या. आणि फाटकाशी जीप थांबली.

आबा आत आले. हातात झेंडूची माळ, पुडीत हळदकुंकू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबाही आज पूजा करणार होते. सायकलीची.

माळ हातात तशीच धरून ते सायकलीसमोर उभे राहिले. मग कट्ट्याला टेकवलेल्या जुन्या हँडलकडे गेले.

"कुणी काढलं?"

"मी," मी म्हणाले.

"तिनं न्हाई, मी," सासूबाई पुढे झाल्या.

"तुला बोल्ट कुठल्या अंगानं फिरवायचा ठावं हाय व्हय?" आबा त्यांना म्हणाले. सासूबाई मागे सरल्या.

आबांनी धोतराच्या टोकानं जुनं हँडल पुसलं. पाट मागवला. त्यावर ते ठेवलं, हळदकुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. सायकलीला त्यांनी एक फूलसुद्धा वाहिलं नाही.

"आबा, सायकलीला...?"

"अर्ध्या वस्तूची पूजा करत न्हाईत," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले.

मी स्वयंपाकघरात बसून रडले. चांगली हमसून रडले. माझ्यामुळे त्यांची नवमी गेली, शेवटची नवमी. ह्यांनी घरी आल्यावर सगळं बघितलं आणि समजूत घालायला म्हणाले, "अगं, उद्या भूपाल न्यायलाच येणार आहे. सुटं असलं तर उलट न्यायला सोपं." मग माझं रडणं आणखी वाढलं.

"थांब गं, रडू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "त्येंनी जुन्या हँडलाची पूजा केलीया, व्हय का न्हाई? मग उद्यापतुर त्येबी हलवता येत न्हाई. आता सायकल हाय तशीच ऱ्हाणार. बघू की."

उन्हं उतरली. माग बंद असल्यानं गाव इतकं शांत होतं की कानांत कसं तरी व्हायचं. मी चहा ठेवला होता. अंगणातून कसला तरी आवाज आला, करकर, करकर. सासूबाईंनी मला कोपर मारलं. खिडकीतून बघितलं तर सायकल स्टँडवर उभी, आणि सीटवर आबा.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी नाही अशी खात्री केली. मग माझ्या हँडलच्या मुठींवर हात ठेवले. हँडल ढिलं होतं, थोडं डुगडुगलं. त्यांनी ते सरळ केलं, पाठ ताठ केली आणि पॅडल मारायला लागले. मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं.

आमच्या अंगणाची भिंत छातीइतकी. ताठ बसलेल्या आबांचं डोकं आणि खांदे भिंतीवरून रस्त्यावर दिसत होते. पहिल्यांदा पाटलांची अक्काताई चालली होती. ती थांबली.

"आबा, कुठं निघालाय?"

आबा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "कोल्हापूरला."

"अंबाबाईला?"

"व्हय. येतीस?"

अक्काताई हसत भिंतीला टेकली. मागून आणखी दोघं आले. एकानं कोल्हापूर किती लांब राहिलं विचारलं, दुसऱ्यानं येताना पेढे आणायला सांगितलं. आबा पॅडल मारत सगळ्यांना उत्तरं देत होते. हातकणंगले आलं, रुकडी आली, आता पंचगंगेचा पूल. भिंतीपाशी चांगली गर्दी जमली. बापूलालचाचा गॅरेजातून ओरडले, "आबा, सावकाश! हँडल आवळलेलं न्हाई!"

"मग आवळ की!"

"उद्या!"

मी चहा घेऊन गेले. आबांनी एका हातानं कप घेतला, दुसरा मुठीवरच. चहा प्याले, कप बशीत ठेवला. कप हातातून सुटला नाही. त्यांनी आपली बोटं एकदा उघडमीट करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्या घरात मला तेवढं शहाणपण आलं होतं.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून आबांनी जुन्या हँडलवर अक्षता टाकल्या, उत्तरपूजा केली. मग ते हँडल काखेत मारलं आणि सायकल सीटला धरून ढकलत गॅरेजकडे निघाले. सायकलीत माझं हँडल, काखेत त्यांचं. कुठलं बसवणार आणि कुठलं परत आणणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. गॅरेजातून पान्याचा आवाज येत होता. मी पुरणपोळी लाटत होते आणि लाटता लाटता पोळीचा नकाशा होत होता.

तेवढ्यात हे नव्या स्कूटरवरून भूपाल मगदूमला घेऊन आले. पंचविशीचा, उन्हानं काळवंडलेला, पिंडऱ्या दुकानातल्या कापडाच्या ताग्यांसारख्या. तो ओसरीवर अवघडून बसला.

"आबांच्या सायकलीला हात लावायचा म्हंजे भ्या वाटतंय," तो म्हणाला. "माझे वडील सांगत्यात, तसलं हँडल ह्या भागात दुसरं न्हाई."

हे काही बोलणार इतक्यात घंटी वाजली. मी लाटणं घेऊनच दारात आले. सासूबाई माझ्या मागे. भिंतीच्या वर पांढरी टोपी दिसली, टोपीखाली आबांचा चेहरा दिसला, चेहऱ्याखाली खांदे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आबा ताठ मानेनं सरकत गेले आणि फाटकातून आत आले. माझं हँडल! माझ्या मिरजेच्या हँडलवर झेंडूची माळ! मी लाटण्यासकट टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी ह्यांना नंतर सांगितलंही.

आबा उतरले. जुनं हँडल त्यांनी मागे कॅरियरला बांधलं होतं. ते सोडलं आणि भूपालसमोर उभे राहिले.

"सायकल विकायची न्हाई," ते म्हणाले.

भूपालचं तोंड पडलं. "बरं, आबा."

"बरं म्हणू नगंस. मी परवा एकदा म्हणून बघितलं, त्यात काय अर्थ न्हाई." त्यांनी ते हँडल दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यावर अजून कालचं हळदकुंकू होतं. "हे घे. घोटीव लोखंड हाय. वाकून धरायला कंबर पायजे, ती आता तुझ्याजवळ हाय. माझा दुसरा नंबर आलता. तू पयला आण."

भूपालनं खिशात हात घातला. तो पैसे काढायला लागला.

"आज दसरा हाय ना? मग पैसं कसलं काढतोस?" आबा ओरडले. अगदी पूर्वीसारखे ओरडले. "सोनं दिल्यावर माणूस काय करतोय?"

भूपालनं हँडल कपाळाला लावलं आणि आबांच्या पाया पडला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हे आपले स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत उभे होते. मग त्यांनी ती खिशात टाकली आणि हसले. "आबा, मान दुखली तर मात्र सांगायचं."

"तुला सांगून मान थांबणार हाय व्हय?"

दुपारी जेवण झालं की आपट्याची पानं वाटायला आबा दरवर्षी बाहेर पडायचे. सायकलवरून जायचे आणि तासाभरात सगळं उरकून परत यायचे. त्या दिवशीही निघाले, पिशवी हँडलला अडकवून, घंटी वाजवत. तास गेला, दोन तास गेले. सासूबाई आतबाहेर करायला लागल्या. पहिल्याच दिवशी ह्यांनी हार घातलेली स्कूटर काढली, वडिलांना शोधायला. एवढ्यात दिवेलागणीला आबा आले. पिशवी रिकामी, खिसे दुसऱ्यांनी दिलेल्या सोन्यानं भरलेले, टोपीतही एक पान खोचलेलं.

"कुठं होता? जीव टांगणीला लागला आमचा," सासूबाई म्हणाल्या. "मान दुखली व्हय?"

"न्हाई गं." आबा ओसरीवर बसले. मी पाणी दिलं. ते घटाघटा प्याले आणि रस्त्याकडे बघत राहिले. "त्या सूतपेठेतनं मी किती वर्सं जातोय? रोज जातोय. तिथं घरास्नी माडी हाय, आन् माडीवर माणसं बसत्यात, हे मला आज दिसलं बघ. गोविंदा हाय का आपला, माझ्यासंगट पळायचा, वाडीच्या रस्त्यावर पयला आलता त्यो? त्यो त्या कोपऱ्यावरच्या माडीत बसून असतोय. पाय गेल्यात त्येचे. म्हणतोय, आबा, रोज तुला हाक मारतो, तू मुंडी वर करीत न्हाईस, मला वाटलं अजून राग धरलायस."

सासूबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. पुरणाचा वास येत होता.

"मग?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मग काय! वर गेलो, सोनं दिलं, दोघं रडलो, च्या प्यालो," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, उद्यापासनं माझा डबा लवकर भरत जा. मला लवकर निघाय पायजे. वाटंत लई माणसं ऱ्हात्यात."